झाकण न उघडलेला शाम्पू

मित्रांनो, मी एक जुनी शाम्पूची बाटली आहे. इतर बाटल्या वापरून जुन्या होतात, मी ठेवून जुनी झाले. चौदा महिने मी एका काचेच्या कपाटात उभी होते. एवढ्या काळात माझ्यातला एक थेंबही कोणाच्या केसाला लागला नाही. उलट दर शनिवारी ओल्या फडक्याने मलाच आंघोळ घातली जायची. शाम्पूला आंघोळ घालणारं दुसरं घर जगात असेल असं मला वाटत नाही.

माझा जन्म लंडनजवळच्या एका कारखान्यात झाला. माझ्या पाठीवर जो कागद चिकटवला गेला त्यावर लिहिलं होतं, 'घट्ट कुरळ्या आणि कोरड्या केसांसाठी. सौम्य. फेस कमी येतो. घाबरू नये.' शेवटचे दोन शब्द मी माझ्या मनचे घातले आहेत, पण ते तिथे असायला हवे होते. पुढचं बरंच टळलं असतं.

फेस कमी येणं हा आमच्यातला दोष नाही, तो आमचा स्वभाव आहे. घट्ट कुरळ्या केसाला वळणं फार असतात. डोक्यातलं तेल मुळापासून टोकाकडे जायला निघतं आणि तिसऱ्या वळणावरच दमून बसतं. म्हणून हे केस मुळात तहानलेले. त्यांना भरपूर फेसाचा शाम्पू लावला की होतं नव्हतं तेवढं तेलही जातं, केस घासलेल्या ताटलीसारखे करकरतात आणि मग तुटतात. हे सगळं माझ्या पाठीवर लिहिलेलं आहे. पण कपाटात उभं केलं की पाठ भिंतीकडे जाते.

मला दुकानातून फॉस्टिना नावाच्या बाईने उचललं. त्याआधी तिने तब्बल चाळीस मिनिटं फळीवरच्या सगळ्या बाटल्या फिरवून त्यांच्या पाठी वाचल्या. माझी पाठ दोनदा वाचली. मग तिने मला एका निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात घातलं. तिथे सार्डिनचे डबे होते, तांदूळ होता, चार लोकरी कोट होते. घानातल्या कुमासी शहराच्या उकाड्यात लोकरी कोट कशाला, हे मला अजून कळलेलं नाही. माझ्या शेजारी एका पायाचा बूट होता. त्याचा जोडीदार पिंपाच्या तळाशी होता. जहाजात सात आठवडे काढले, पण त्या दोघांची भेट झाली नाही. कोंडून राहणं म्हणजे काय, हे मी त्या बुटाकडून शिकले.

कुमासीला दुफीच्या घरी पिंप उघडलं. दुफी ही फॉस्टिनाची थोरली बहीण. फॉस्टिना लंडनहून फोनवर ओरडत होती आणि दुफी त्याहून मोठ्याने ओरडून उत्तर देत होती.

"शाम्पू ओफोरिवाचा आहे बरं का गं! शाळा संपली तिची, आता केस वाढवेल ती."

"हो गं हो, दिसला मला शाम्पू! केवढा सुंदर आहे!"

ओफोरिवा ही दुफीची अठरा वर्षांची मुलगी. शाळेच्या नियमाने पहिलीपासून तिचं डोकं मुलांसारखं भादरलेलं होतं. केस म्हणजे काय असतं, हे तिला आता पहिल्यांदाच कळणार होतं. तिने माझ्यासाठी हात पुढे केला. दुफीने मला तिच्या हातावरून उचलून थेट हॉलमधल्या काचेच्या कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेच्या कापडाच्या गाठीत बांधली.

"मा, तो माझा आहे ना?"

"तुझाच आहे. म्हणून तर नीट ठेवतेय."

कपाटात सोनेरी कडेचे सहा पेले होते. त्यांनी कधी पाणी पाहिलं नव्हतं. एक किटली होती, तिने चहा पाहिला नव्हता. किटली तिथे एकवीस वर्षं होती. तिने पहिल्याच दिवशी मला सांगितलं, "सवय होते." ते ऐकून मला रडू आलं. पण बाटलीला रडायचं तर झाकण उघडावं लागतं.

सगळ्यात वाईट गोष्ट अशी की ओफोरिवा माझ्या कपाटाच्या काचेत बघूनच केस विंचरायची. घरातला आरसा तडकला होता. रोज सकाळी तिचं तोंड माझ्यापासून वीतभर अंतरावर यायचं. तिच्या प्रतिबिंबात मी बरोबर तिच्या कपाळावर उभी दिसायचे. औषध रोग्याच्या कपाळावर आणि मध्ये काच.

तिला केस धुवायला कोणी शिकवलंच नव्हतं. डोकं भादरलेलं असताना ती कपडे धुवायची वडी फिरवायची, दोन तांबे पाणी ओतायची, काम झालं. केस बोटभर वाढले तरी तिने वडीच चालू ठेवली. मग काळा साबण आणला. काळा साबण वाईट नसतो, पण आठवड्यातून एकदा लावायची गोष्ट ती रोज लावू लागली. त्यानंतर बाजारातून हिरवा, सफरचंदाच्या वासाचा शाम्पू आला. त्याला एवढा फेस यायचा की अंगणातली बकरी दोरी तोडून पळाली. दुफी त्या शाम्पूवर खूष होती.

"ऐक कसे करकर वाजतायत! आत्ता झाले स्वच्छ."

"मा, केस तुटतायत."

"केस नाही, घाण तुटतेय."

चौथ्या महिन्यात ओफोरिवाच्या कपाळालगतचे केस निम्मे झाले. मागे एक बाजू वाढलेली, दुसरी खुरटलेली. कंगवा घातला की अर्धा केस डोक्यात राहायचा आणि अर्धा कंगव्यात. ती कंगव्यातले केस काढून टेबलावर ठेवायची, त्यांच्याकडे बघायची आणि मग माझ्याकडे. मी जमेल तेवढं चमकायचे. दुसरं काय करणार?

त्याच सुमारास पास्टर घरी प्रार्थनेला आले. त्यांनी चारी भिंतींना आशीर्वाद दिला, फ्रिजला दिला आणि शेवटी कपाटावर हात ठेवला. मला बघून त्यांनी विचारलं, "सिस्टर दुफी, हे कसलं तेल?"

दुफीला त्यांना दुरुस्त करायचा धीर झाला नाही. ती म्हणाली, "लंडनचं आहे, पास्टर."

पास्टरांनी डोळे मिटून माझ्यासाठी सात मिनिटं प्रार्थना केली. इथे माझं नशीब फिरलं, पण चुकीच्या दिशेने. आधी मी फक्त परदेशी होते. आता मी पवित्रही झाले. पुढच्या आठवड्यात शेजारची केन्के, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे गोळे, विकणारी बाई गुडघा धरून आली. दुफीने कुलूप उघडलं, मला बाहेर काढलं आणि झाकण न उघडता मला त्या गुडघ्यावरून तीन वेळा फिरवलं. गुडघा बरा झाला. मी काही केलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगू शकते. पण माझी साक्ष कोण काढणार?

"मा, तो शाम्पू आहे!" ओफोरिवा म्हणाली.

"तुला कोणी सांगितलं?"

"त्याच्यावर लिहिलंय. शाम्पू."

"ते कारखान्यातल्या माणसांनी लिहिलंय. त्यांना काय ठाऊक पुढे काय होणार ते?"



मग वोफा क्वाटेंग यांच्या अंत्यविधीची तारीख ठरली. वोफा क्वाटेंग म्हणजे या दोघी बहिणींचे मामा. त्यांना जाऊन पाच महिने झाले होते, पण परदेशातले सगळे नातेवाईक जमेपर्यंत ते शवागारात थांबले होते. अडकून पडलेली मी एकटीच नव्हते, एवढंच समाधान. अंत्यविधी शनिवारी होता. शोकाचे काळे-लाल कपडे शिवायला गेले, खुर्च्या आणि तंबू ठरले, आणि दुफीने ओफोरिवाच्या डोक्याकडे नीट बघितलं.

"सगळं कुटुंब येणार आहे. म्हणतील, दुफीच्या पोरीचं डोकं आहे का कोंबडीने उकरलेलं आवार?"

"मा, मी बांधून घेईन."

"किती दिवस बांधशील? शुक्रवारी यायरा येणार आहे फॉस्टिनाच्या वेण्या घालायला. तोपर्यंत हे डोकं माणसासारखं दिसलं तर ठीक. नाहीतर यायराचं केस भादरायचं मशीन फिरेल. शाळेत होतीस तेव्हा किती सुटसुटीत दिसायचीस!"

ओफोरिवा माझ्यासमोर येऊन बसली. जन्मात पहिल्यांदा वाढलेले केस तिने दोन्ही हातांनी असे झाकून धरले, जसं पावसात कोणी पुस्तक धरावं. माझ्याजवळ उत्तर होतं. आणि मी एका किटलीच्या शेजारी उभी होते.

गुरुवारी फॉस्टिना लंडनहून आली. खांद्याखाली रुळणारा सरळ केसांचा विग, दोन बॅगा, आणि दारातूनच रडणं. बहिणी गळ्यात पडल्या, मामांसाठी रडल्या, मग हसल्या, मग जेवल्या. जेवण झाल्यावर दुफी तिला हात धरून कपाटापाशी घेऊन आली, एखाद्या संग्रहालयात आणावं तशी.

"बघ."

फॉस्टिनाने मला बघितलं. मला ती लगेच ओळखू आली. मला उलटी करून वाचणारी ती एकटीच तर होती.

"दुफी, हा मी पाठवलेला शाम्पू?"

"तोच! एक थेंब कमी झालेला नाही!" दुफी अभिमानाने म्हणाली.

"अगं, पण मी तो केसांसाठी पाठवला होता."

"गुडघ्यालाही चालतो."

फॉस्टिनाला हसावं की ओरडावं ते कळेना. तिने ओफोरिवाला जवळ बोलावलं, डोक्यावरून हात फिरवला आणि हसू विसरली. मग तिने आपला विग काढून कपाटावर ठेवला. खाली केस जेमतेम दोन बोटं होते.

"लंडनला गेले तेव्हा मला सांगणारं कोणी नव्हतं," ती ओफोरिवाला म्हणाली. "ज्याला फेस जास्त तो शाम्पू चांगला, असं समजून सात वर्षं वाट्टेल ते लावलं. मूठमूठभर केस गेले. शेवटी सगळं भादरलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तुझं असं होऊ नये म्हणून दुकानात पाऊण तास उभी राहिले मी. दुकानाचा पहारेकरी माझ्यावर संशय घ्यायला लागला."

"दुफी, किल्ली दे," तिने हात पुढे केला.

"अंत्यविधी होऊन जाऊ दे," दुफी म्हणाली. "शनिवारी सगळे घरी येतील. त्यांना दिसला पाहिजे."

"कोणाला? काय दिसलं पाहिजे?"

दुफी भांडी आवरायला निघून गेली. भांडी ओफोरिवाने आधीच आवरली होती.

शुक्रवारी सकाळी यायरा आली. यायराचं चौकात लाकडी खोपटातलं केसांचं दुकान होतं, आणि ती तोंडाने फार फटकळ होती. तिने पिशवीतून कंगवे काढले, कात्री काढली आणि शेवटी मशीन काढून टेबलावर ठेवलं. बरोबर माझ्यासमोर. ओफोरिवा खुर्चीत बसली होती आणि मशीनकडे बघत नव्हती.

यायराने तिचे केस बोटांनी उलगडले, ओढून बघितले, सोडले.

"हे केस वाईट कोणी म्हटलं?"

"बघ ना अवस्था," दुफी म्हणाली.

"केस चांगले आहेत. त्यांची छळवणूक झालीये. काय लावते ही?"

ओफोरिवाने यादी सांगितली. वडी, काळा साबण, हिरवा शाम्पू. मग जरा थांबून म्हणाली, "आणि गेल्या महिन्यात भांडी घासायचं लिक्विड."

"ते कोणी सांगितलं?"

ओफोरिवाने आईकडे बघितलं. दुफीने छताकडे.

"आंटी दुफी," यायरा म्हणाली, "तुमच्या पातेल्याची काळजी तुम्ही जास्त घेता. घरात एकही धड शाम्पू नाही का?"

तिघींनी माझ्याकडे बघितलं. मित्रांनो, चौदा महिन्यांत मला एवढी लाज वाटली नव्हती.

"तो प्रार्थना केलेला आहे," दुफी हळूच म्हणाली.

"मग तर उत्तमच. प्रार्थना केलेला शाम्पू माझ्या दुकानात आजपर्यंत आलेला नाही."

"तो संपला तर?"

"संपला तर मी दुसरा पाठवेन!" फॉस्टिना वैतागून म्हणाली.

"नऊ वर्षांत एक पिंप पाठवलंस तू," दुफी म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "लोक विचारायचे, बहीण आठवण काढते का? मी म्हणायचे, काढते की. ते म्हणायचे, कुठाय? मग मी कपाट दाखवायचे."

फॉस्टिना म्हणाली, "अगं, मी फोन करते ना दर रविवारी."

"फोन कपाटात ठेवता येत नाही."

यायरासारखी फटकळ बाईसुद्धा कंगव्याचे दात मोजत बसली. आणि मला चौदा महिन्यांनी समजलं की मला कोंडणारी बाई दुष्ट नव्हती. मी तिच्या बहिणीचं शिल्लक राहिलेलं प्रेम होते आणि ते ती पुरवून पुरवून वापरत होती. म्हणजे अजिबात वापरत नव्हती. पण याचा अर्थ असा नाही की मला बाहेर यायचं नव्हतं.

फॉस्टिना उठली आणि बहिणीच्या पायाशी जमिनीवर बसली. "चुकलं माझं," ती म्हणाली. "पण माझ्या चुकीपायी हिचे केस कापू नकोस."

दुफीने कमरेची गाठ सोडली. गाठ एवढी घट्ट बसली होती की सुटायला वेळ लागला. तिने किल्ली ओफोरिवाच्या हातात दिली आणि तोंड फिरवून बसली. कुलूप उघडलं. किटली मला म्हणाली, "कळव हं कसं असतं ते."

अंगणात बादली आली, स्टूल आलं आणि मी आले. पण माझं झाकण उघडेना. चौदा महिने मी या क्षणाची वाट बघत होते आणि माझंच झाकण सुकून बसलेलं. ओफोरिवाने पिळलं, यायराने गरम पाण्यात बुडवलं, फॉस्टिनाने देवाचं नाव घेतलं. शेवटी दुफी उठली, मला हिसकावून घेतलं आणि दात लावले. कट्ट! ज्या बाईने मला बंद ठेवलं, तिनेच मला दातांनी उघडलं.

यायराने केसांचे सहा भाग केले, टोकांकडून गुंता सोडवत वर आली. "शाम्पू डोक्याच्या कातडीला लावायचा," ती सांगू लागली. "टोकांना चोळायचा नाही. वरून वाहत येतो तेवढा टोकांना पुरतो. आणि हे रोज करायचं नाही. आठवड्यातून एकदा, फार तर."

मी बाहेर आले. थंड होते, घट्ट होते, घाबरलेही होते. आणि स्वभावाप्रमाणे मी फारसा फेस केला नाही.

"फेस कुठाय?" दुफी ओरडली. "फॉस्टिना, तुला फसवलं त्या लोकांनी!"

"आंटी, फेस हवा असेल तर कपडे धुवा," यायरा म्हणाली.

मी जादू केली असं मी म्हणणार नाही. तुटलेला केस एका धुण्याने जोडला जात नाही, आणि तसं सांगणाऱ्या बाटलीवर विश्वास ठेवू नका. यायराने खराब झालेली टोकं दोन बोटं कापली. पण जे उरलं ते मऊ होतं. यायराने त्यावर शिया बटर लावलं आणि केस दाबून सोडले. ते स्प्रिंगसारखे परत वर आले.

"मा, हात लावून बघ," ओफोरिवा म्हणाली.

दुफीने जरा आढेवेढे घेतले आणि मग हात लावला. मुलगी पाच वर्षांची असताना शेवटचा लावला होता. तिने हात काढलाच नाही. उभ्याउभ्याच तिने एक बट तीन भागांत वाटली आणि वेणी घालायला लागली. पहिली वाकडी झाली. ती सोडून पुन्हा घातली.

"आंटी, तुम्हाला येतं की!" यायरा म्हणाली.

"लहानपणी फॉस्टिनाच्या कोण घालत होतं मग?"

यायराने टेबलावरचं मशीन उचललं, त्याची वायर गुंडाळली आणि ते पिशवीच्या तळाशी टाकलं. ओफोरिवाने ते बघितलं आणि मग तिला रडू आलं. दुफी म्हणाली, "हलू नकोस, वेणी वाकडी होते."

अंत्यविधीला काय झालं ते मला कळलं नाही, मी न्हाणीघराच्या खिडकीत होते. पण परत आल्यावर दुफी तीनदा सांगत होती की मावशीच्या जावेने विचारलं, वेण्या कोणी घातल्या? आणि ती म्हणाली, मी. वोफा क्वाटेंग यांच्याबद्दल ती एकदाच बोलली.

त्यानंतर दर शनिवारी मी कमी होत गेले. दुफी मला उजेडाकडे धरून किती उरलं ते बघायची, तोंड वाकडं करायची आणि मला परत खिडकीत ठेवायची. गेल्या आठवड्यात त्या दोघी मला पिशवीत घालून केजेतियाच्या बाजारात घेऊन गेल्या. दुफीला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून ती एकेक बाटली उलटी करून ओफोरिवासमोर धरत होती आणि ओफोरिवा वाचून दाखवत होती. माझी पाठ शेजारी ठेवून त्या ताडून बघत होत्या. विकणारी बाई हसून म्हणाली, "आंटी, हा घ्या, बादलीभर फेस येतो!" दुफी तिला म्हणाली, "बाई, मला पोरीचं डोकं धुवायचंय, गाडी नाही." मग अर्ध्या तासाने त्यांनी एक साधी, बुटकी, इथलीच बाटली निवडली. ती आता खिडकीत माझ्या शेजारी असते. फार प्रश्न विचारते.

मित्रांनो, तुमच्याही घरी काचेमागे कोणीतरी उभं असेल. एखादा पेला, एखादी साडी, एखादं अत्तर. ते तुमच्यावर माया करणाऱ्या माणसाने दिलं असेल, म्हणूनच तुम्ही ते बंद करून ठेवलं असेल. माझं एवढंच सांगणं आहे की आम्हाला जपण्यासाठी बनवलेलं नाही. ज्याच्यासाठी बनवलं, त्याच्याकडे आम्हाला जाऊ द्या. आणि आम्ही कोणासाठी आहोत हे कळत नसेल, तर आमची पाठ वाचा.

माझ्यात आता एका धुण्यापुरता शाम्पू उरला आहे. ओफोरिवाचे केस कानाखाली आले आहेत. येत्या शनिवारी मी रिकामी होईन. कोणीही मला वाचवू नये, ही नम्र विनंती.